दोन्ही कानांत मशीन घाला, काका!

"संध्याकाळ झाली की ह्यांचा तोल जातो," असं काकूंनी फोनवर सांगितलं, तेव्हाच मला अंदाज आला होता. जुना मधुमेह, म्हणजे तळपायांची जाणीव कमी. त्यात दिवेलागणीला डोळ्यांचा आधारही सुटतो.

सदाशिव पेठेतलं जुनं घर. 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे आपटला की थरथरणारा धातूचा चिमटा, काकांच्या पायाच्या अंगठ्याला टेकवला. "गार लागतंय," म्हणाले. थरथर मात्र अजिबात कळेना. मग पाय जुळवून, डोळे मिटून उभं केलं. पायाची बोटं फरशी पकडायला धडपडू लागली, घोट्यांवर शिरा ताणल्या आणि काका पुढेमागे झुलायला लागले. माझा हात त्यांच्या पाठीशी होताच.

मी सूचना देत होते, पण त्यांना ऐकूच येत नव्हतं. "मशीन डबीत आहे," काकू म्हणाल्या. डबीत दोन निघाली. बॅटरी वाचावी म्हणून काका एका वेळी एकच वापरत, तेही पाहुणे आले तर!

दोन्ही घालायला लावली. कपाटावर रेडिओ चालू होता. परत तीच चाचणी, आणि झोक चक्क कमी. सरावानं झालं असेल म्हणून मशीनं काढून पुन्हा पाहिलं, झोक वाढला. पुन्हा घातली, कमी झाला. एका पेशंटवरून सिद्धांत मांडू नये, हे कबूल. पण 40 ते 69 वयाच्या लोकांवरचा अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा 2012 चा अभ्यास आठवलाच: ज्यांना 25 डेसिबल कमी ऐकू येत होतं, त्यांच्यात पडल्याचं प्रमाण जवळपास तिप्पट होतं. त्यावरून कारण सिद्ध होत नाही, एवढंच.

अंतर्कर्णात तोल सांभाळणाऱ्या 3 अर्धवर्तुळाकार नलिका आणि 2 पिशव्या असतात. मशीन त्यांना काही दुरुस्त करत नाही. पण रेडिओ जागचा हलत नाही. आपण कलंडलो की त्याचा आवाज दोन कानांत किंचित बदलतो, आणि मेंदूला धरायला एक खुंटी मिळते. आवाजाची दिशा नीट कळायला दोन्ही कान लागतात.

व्यायाम शिकवले, संडासाच्या वाटेवर रात्री दिवा लावायला सांगितलं. काकांनी विचारलं, "बसल्या बसल्या पेपर वाचताना एक काढलं तर?"

"बसल्यावर काढा. उठायच्या आधी घाला."

"आणि बॅटरी?"

"ती मी आणते," काकू म्हणाल्या.