पास झालेला स्लॅब

माहीमला समुद्राच्या बाजूच्या एका जुन्या सोसायटीत स्लॅबची लोड टेस्ट घेतली. आधीच्या ऑडिटरने इमारत धोकादायक ठरवली होती, तीही रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून उसळीवरून काँक्रीटच्या ताकदीचा अंदाज देणारं यंत्र) प्लास्टरवरूनच मारून! असली कामं पाहिली की संताप येतो. काँक्रीट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वरून कार्बोनेट, म्हणजे कडक झालं तरी हॅमर फुगवून आकडा देतो. प्लास्टरवरच्या आकड्याला तर काहीच अर्थ नाही.

आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय कोडप्रमाणे स्लॅबच्या स्वतःच्या वजनावर लाइव्ह लोडच्या, म्हणजे माणसं-सामानाच्या धरलेल्या भाराच्या, सव्वापट भार २४ तास ठेवायचा. घराच्या खोलीत हे म्हणजे विटांचा बांध, ताडपत्री आणि साधारण २५ सेंटीमीटर पाणी. खाली टेकू, पण स्लॅबला न भिडवता, फट ठेवून.

यावेळी स्लॅबचा वाक मोजणाऱ्या डायल गेजसोबत कॅमेरेही लावले. छताचं प्लास्टर काढून काँक्रीटला पांढरा रंग दिला, त्यावर काळे ठिपके उडवले. ठिपके फार दाट झाले की सॉफ्टवेअर गोंधळतं, विरळ झाले की बारीक भेग निसटते. आमच्या पोरांनी ते इतकं नेमकं साधलं की बघत राहावं. भाराआधीचे आणि नंतरचे फोटो जुळवले की कुठला ठिपका किती सरकला ते कळतं, आणि अख्ख्या छताचा नकाशा हाती येतो.

स्लॅबचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, ३.६ मीटर, जाडी १२० मिलिमीटर. या मापांना वाक ४.३२ मिलिमीटरच्या आत राहिला तर भार काढल्यावर तो किती भरून आला, हेही कोड विचारत नाही. मधोमध लावलेल्या गेजवर दोनच्या आत आला. पास.

नकाशात मात्र बाथरूमकडच्या कोपऱ्यात एका सळईच्या रेषेवर ठिपके दोन बाजूंना फाकलेले. तिथे हातोडीने ठोकलं तर बद्द आवाज. हाफ-सेलचं (सळईचा विद्युत दाब मोजून गंजाचा अंदाज देणाऱ्या चाचणीचं) रीडिंग उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली, म्हणजे सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त.

"मॅडम, पास झालं ना? मग तेवढंच लिहा," सेक्रेटरी म्हणाले. पुनर्विकासवाल्यांना 'नापास' हवं होतं. रिपोर्ट वाचायची तयारी कुणाचीच नाही. एका दिवसाचं पाणी स्लॅबने पेललं हे खरंच आहे, पण गळती आणि खारी हवा तिथे रोज काम करतायत, त्यांची परीक्षा कोडच्या त्या कलमात नाही.

मी दोन्ही लिहिलं, नकाशा जोडला, आणि कोपरा फोडून सळईचा उरलेला व्यास मोजा, असं कळवलं. कमिटी म्हणते, पास झाल्यावर खर्च कशाला? टेकू काढायला मी अजून परवानगी दिलेली नाही.