तीस मीटरची परवानगी, शंभरचा आकडा

विमानतळापासून सहा किलोमीटरवर एका चार मजली इमारतीचं शूटिंग होतं. परवानगी रीतसर काढलेली, तिची प्रिंट खिशात. 100 फूट, म्हणजे 30 मीटर. त्याच्या वर जायचं नाही. मी 28 मीटरवर ड्रोन धरून ठेवला होता आणि स्वतःच्या शिस्तीवर जाम खूश होतो.

तो पाण्याच्या टाकीआड गेला आणि स्क्रीन गोठली. सिग्नल गेला. काय करावं हे सुचायच्या आत पंख्यांचा आवाज चढला आणि ड्रोन टाकीमागून सरळ वर निघाला.

‘रिटर्न टू होम’. सिग्नल तुटला की ड्रोन आधी ठरवून दिलेल्या उंचीवर चढतो आणि मग निघाला तिथे परत येतो, वाटेत झाडं-इमारती आडव्या येऊ नयेत म्हणून. ती उंची मी आधीच्या उड्डाणात, मोकळ्या रानात, 100 मीटर ठेवली होती. बदलायची राहिली. कमाल उंचीची मर्यादाही 120 वरच. सिग्नल परत आला तेव्हा आकडा 71 होता. रिटर्न रद्द केलं, खाली आणला, आणि पाच मिनिटं नुसता बसून राहिलो.

‘विमानं कुठे एवढ्या खाली असतात?’ असं मीही आधी म्हणायचो. बऱ्याच देशांत मोकळ्या जागी 120 मीटरपर्यंत उडवता येतं, म्हणून तो आकडा डोक्यात पक्का बसतो. पण विमान साधारण 3 अंशांच्या उताराने खाली येतं. धावपट्टीवर टेकायच्या जागेच्या 2 किलोमीटर अलीकडे ते जेमतेम 105 मीटरवर असतं! हेलिकॉप्टरला तर उताराचंही बंधन नाही.

स्क्रीनवरची उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते, ही आणखी एक गंमत. गच्चीवरून उडवला असता तर 28 दिसताना जमिनीपासून चाळीसच्या वर भरली असती. नशीब, खालून उडवला होता.

आता परतीची उंची परवानगीच्या आत आणि अडथळ्यांच्या वर, दोन्ही जमत असेल तर तशी ठेवतो. जमत नसेल तर सिग्नल तुटल्यावर जागीच थांबण्याची सेटिंग ठेवतो, आणि टाकीआड जात नाही. सोबत एक माणूस फक्त आकाशाकडे बघायला. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यात आग विझवणाऱ्या विमानाच्या पंखाला ड्रोनने भोक पाडलं. उडवणाऱ्याने तो अडीच किलोमीटरवर नेला होता. तेवढ्या लांबचा ड्रोन कुणाला दिसणार?

त्या दिवसाचा फ्लाइट लॉग मी परवानगी देणाऱ्या कार्यालयाला स्वतःहून पाठवला. पाठवायला दोन दिवस लागले, हेही सांगतो. रिमोटवर चिकटपट्टी आहे, तिच्यावर ‘परतीची उंची?’. घामाने अक्षरं पुसतात, मग पुन्हा गिरवतो.