हक्क कुणाचा?

उपासना संपल्यावर इतर धर्मीयांच्या हक्कांबद्दल दादा म्हणाला, "सत्य एकच आहे ना? मग असत्याला हक्क कसले?" मागून कुणीतरी आमेन म्हटलं. तेव्हापासून मनाला बोचतंय.

दादा वाईट नाही. कुणाच्या घरी आजारपण आलं की पहिला तोच धावतो. आणि सत्य एकच, हे मीही मानते. अडचण तिथेच आहे. 'सगळं सारखंच' म्हणणाऱ्यांना माझी श्रद्धा भाबडी वाटते, आमच्या चर्चच्या मंडळीतल्यांना पातळ. दोन्हीकडे मी परकीच. आईशी बोलता आलं असतं, पण ते जाऊ दे.

चौथ्या-पाचव्या शतकातला उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन तरी कुठे वाईट होता? चर्चमधून फुटून निघालेल्या डोनाटिस्ट पंथीयांवर बळजबरी नको, हेच आधी त्याचं मत. मग बादशाही कायद्यांच्या धाकाने स्वतःचं गावच वळलेलं त्याने पाहिलं आणि मत बदललं. धाकाने आलेले नंतर आभार मानतात, असंही त्याने पत्रात लिहिलंय. येशूच्या मोठ्या जेवणाच्या दाखल्यातले, म्हणजे बोधकथेतले, यजमानाचे शब्द, 'आग्रह करून आत आण', त्याने राजाच्या शिपायांच्या हाती दिले. प्रेमापोटीच दिले. दादाचंही प्रेमच आहे, म्हणून तर इतकं बोचतं.

७ डिसेंबर १९६५ ला व्हॅटिकनच्या परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला, २३०८ विरुद्ध ७० मतांनी. त्यात हक्काचा पाया मानवी प्रतिष्ठा आहे. सत्याचा शोध न घेणाऱ्याचाही हक्क शाबूत राहतो. म्हणजे हक्क मताला नाही, माणसाला.

आपण कॅथलिक नाही, असं दादा म्हणेल. मग सतराव्या शतकातला अमेरिकेतला प्रोटेस्टंट धर्मोपदेशक रॉजर विल्यम्स घ्यावा. येशूच्या गहू आणि निदणाच्या (गव्हात उगवणाऱ्या तणाच्या) दाखल्यावरून त्याने १६४४ साली लिहिलं: शेत म्हणजे जग, आणि कापणीपर्यंत निदण उपटायचा अधिकार सरकारला नाही. बळजबरीची उपासना देवाला किळसवाणी वाटते, असं तो मानायचा. मतांचा इतका कडवा की मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीतून हद्दपार झाला. इतरांना मोकळीक मागितली ती श्रद्धा पातळ होती म्हणून नव्हे. हे वाचून जरा हायसं वाटलं. पातळ तर पातळ, म्हणोत.

पुढच्या रविवारी मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची, प्रार्थना माझ्याकडे आहे. प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला पत्रातून राजांसाठी प्रार्थना करायला सांगितलं, तेव्हाचे राजे ख्रिस्ती नव्हतेच. मागायचं होतं ते शांतीने जगता येणं. मी ते मंडळीबाहेरच्यांसाठीही मागणार आहे, एकेका समाजाचं नाव घेऊन. काही जण डोळे उघडून बघतील. बघू देत.