आमची वाटचाल : तबल्यामागे लेहरा धरणारी पेटी

लेहरा म्हणजे एकल तबल्यामागे पुन्हा पुन्हा फिरणारी, तालाचं आवर्तन दाखवणारी धून. ठरलेल्या लयीत तो वाजवणारी यंत्रं आणि ॲप बाजारात भरपूर आहेत. आम्हाला बनवायची होती ती तबलावादकानं लय वाढवली की सोबत स्वतःची लय वाढवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी.

पहिला नमुना लॅपटॉपवर, मिलर पकेट यांच्या प्युअर डेटा या ध्वनी-प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधला. सुरुवातीला सगळा जीव बफरवर, म्हणजे आवाज पुढे पाठवण्याआधी साठवतात त्या तुकड्यावर; तो जितका लहान तितका उशीर कमी. आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने (सॅम्पल) धरले तर १२८चा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद. तो ३२वर आणला आणि आवाजात कडकड सुरू झाली. खरं तर ही धडपड फुकट होती. तीन मीटरवरच्या हार्मोनियमचा सूर हवेतून यायलाच जवळपास ९ मिलिसेकंद लागतात. शिवाय लेहऱ्याचा पुढचा स्वर आधीच ठाऊक असतो, तो तेवढा लवकर पाठवला की झालं. उशीर चालतो, तो कमीजास्त होऊन चालत नाही.

मग रास्पबेरी पाय या छोट्या, एका पाटीवरच्या संगणकावर आलो. तिथे खोडी निराळ्या. प्रोग्रामचा आवाज चालवणारा भाग (ध्वनीचा धागा, थ्रेड) मेमरी कार्डावर नोंद लिहू लागला की त्या क्षणी आवाज अडखळतो. म्हणून त्या धाग्यात ना फाइल, ना नवी मेमरी. वायफाय बंद. उन्हाळ्यात मांडवात चिप ८० अंशांवर गेली की स्वतःच वेग उतरवते, त्यामुळे ॲल्युमिनियमचं खोकं घ्यावं लागलं.

मायक्रोफोनमध्ये शेजारचं सगळं शिरतं, म्हणून २७ मिलिमीटरची पिझो चकती, म्हणजे कंपनांचं विजेच्या संकेतात रूपांतर करणारी चकती, लावली. पुडीवर नव्हे, खोडावर, दोन गठ्ठ्यांच्या मधे. डग्ग्याला भांड्याच्या बाजूला. ती चकती थेट लाइन-इनला (आवाज आत घेणाऱ्या जोडणीला) जोडली तर डग्ग्याचा घुमारा गायब! चकतीची धारिता (कपॅसिटन्स) साधारण २० नॅनोफॅरड आणि समोर लाइन-इनचा रोध १० किलोओहम, म्हणजे ८०० हर्ट्झखालचं सगळं पातळ होतं. मधे १ मेगाओहम रोधाचा प्रीॲम्प (संकेत आधी वाढवणारा भाग) टाकला की ही मर्यादा ८ हर्ट्झवर उतरते.

ठोके ओळखणं त्यामानानं सोपं निघालं. ‘धा’मध्ये दोन्ही हात अगदी एकाच क्षणी पडत नाहीत, म्हणून ३० मिलिसेकंदांतले दोन ठोके एकच धरतो. घोळ झाला तो तिहाईमध्ये, म्हणजे तीनदा वाजवून समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) येणाऱ्या तुकड्यात. वादक मुद्दाम मात्रेच्या आडून जातो. पेटी त्याच्यामागे धावली आणि समेवर दोघंही चुकले. लेहरा वाजवणारा माणूस तिहाईच्या वेळी तबल्याकडे लक्ष देत नाही, मात्रा धरून बसतो. म्हणून आता फक्त ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले मूळ बोल, चालू असताना लय जुळवायची, तीही एका आवर्तनात २ टक्क्यांच्या आत. कायदा-रेला, म्हणजे बोलांचा विस्तार, सुरू झाला की लय गोठवायची. हा निर्णय यंत्रावर सोडून पाहिला, पटला नाही. सरळ वादकाच्या पायाखाली पेडल दिलं.

ठेक्यात आवर्तनाची जागा सापडते ती डग्ग्यावरून. त्रितालात १० ते १३ या मात्रांना घुमारा नसतो. १४व्या मात्रेच्या ‘धिं’ला तो परत येतो, तिथून तीन मात्रांवर सम. झपतालातही हेच चाललं. रूपकानं मात्र फजिती केली. त्याची समच ‘खाली’च्या, म्हणजे डग्ग्याच्या घुमाऱ्याविना वाजणाऱ्या भागात, ‘तीं तीं ना’, त्यामुळे पेटी इमानेइतबारे भलत्याच मात्रेवर सम दाखवत राहिली. रूपकासाठी नियम वेगळा लिहिला. विलंबित एकतालात एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची; तिथे सध्या पेडलनं प्रत्येक सम दाखवावी लागते.