खटका बसला तरी चॅनेल लागतेच असे नाही

गोल खटक्याच्या जुन्या टीव्हीवर चित्र बिघडले की बहुतेक जण थेट ट्यूनर, म्हणजे चॅनेल निवडणारा भाग, उघडायला निघतात. माझे मत असे, की आधी खटक्याभोवतीचे फाइन ट्यूनिंगचे कडे नीट समजून घ्यावे. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

चित्र आणि आवाज यांच्या लहरींत ५.५ मेगाहर्ट्झ अंतर ठेवणाऱ्या पद्धतीत ट्यूनरमधला ऑसिलेटर (स्वतःची लहर तयार करणारा भाग) येणाऱ्या चॅनेलचे चित्र ३८.९ मेगाहर्ट्झवर आणि आवाज ३३.४ मेगाहर्ट्झवर आणून ठेवतो. आठव्या चॅनेलचे चित्र १९६.२५ मेगाहर्ट्झवर असते, म्हणून त्यासाठी ऑसिलेटर २३५.१५ वर चालावा लागतो; तो अर्ध्या मेगाहर्ट्झने, म्हणजे जेमतेम ०.२ टक्क्याने सरकला तरी पडद्यावर फरक दिसतो. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) संच तापत जातो तसे हे सरकणे होतच असते, त्यामुळे सुरू केल्याबरोबर लावलेले चॅनेल काही वेळाने पुन्हा लावावे लागले तर तो बिघाड समजू नये.

फाइन ट्यूनिंगचे कडे हाच ऑसिलेटर किंचित सरकवते. ते एका बाजूला नेले की चित्राच्या कडा धारदार होतात, पण आवाजाची लहर चित्रात घुसते आणि बोलणाऱ्याच्या प्रत्येक शब्दाबरोबर आडवे पट्टे थरथरतात. उलट बाजूला नेले की पट्टे जातात, चित्र मऊ पडते आणि रंगीत संचावर रंग आधी फिका होतो, मग नाहीसा होतो. योग्य जागा या दोन्हींच्या मध्ये असली तरी बरोबर मधोमध नसते: पट्टे दिसेपर्यंत कडे फिरवावे आणि ते जेमतेम नाहीसे होतील इतकेच मागे आणावे. हे काम डोळ्यांनी, शांतपणे करायचे असते.

खटका हलवला की चित्र येते-जाते, हा प्रकार मात्र वेगळा. टरेट, म्हणजे फिरत्या ड्रमच्या, ट्यूनरमध्ये प्रत्येक चॅनेलच्या कॉइलची पट्टी ड्रमवर बसवलेली असते आणि तिचे चांदीचा मुलामा दिलेले टोक स्प्रिंगच्या पात्याला टेकते. त्या टोकावर काळपट थर चढला की संपर्क तुटतो. क्लीनर बेताने लावून ड्रम काही वेळा पूर्ण फिरवला की बहुधा भागते. या साफसफाईत कॉइलच्या गाभ्यांना हात लावू नये, कारण एकदा हललेला गाभा अंदाजाने पूर्वीच्या जागी येत नाही, आणि इतक्या निगुतीने जुळवलेल्या संचाची अशी हेळसांड पाहून मला खरोखर वाईट वाटते.

पुढच्या काळातल्या बटणांच्या संचांत व्हॅरॅक्टर डायोड (विजेच्या दाबानुसार ट्यूनिंग बदलणारे भाग) आले आणि ड्रम गेला. तिथे प्रत्येक बटणामागे बारीक चक्री असते, जी डायोडला सुमारे ३० व्होल्टपर्यंतचा दाब देते. हा दाब स्थिर ठेवणारा भाग थकला की सगळीच चॅनेल एकदम सरकतात. एकच सरकत असेल तर त्याच्या चक्रीकडे पाहावे. चक्री फिरवताना एएफटी (आपोआप फाइन ट्यूनिंग करणारी सोय) बंद ठेवावे, नाहीतर ते चूक झाकत राहते आणि पुढच्या वेळी चॅनेल भलत्याच ठिकाणी पकडते.