आइसलँडचा ठराव आणि लिथुआनियाचे स्वातंत्र्य

11 मार्च 1990 रोजी लिथुआनियाच्या संसदेने देशाचे स्वातंत्र्य पुन्हा प्रस्थापित झाल्याची घोषणा केली. सोव्हिएत संघातून असे पाऊल उचलणारे ते पहिले प्रजासत्ताक होते. तरीही पुढे जवळजवळ वर्षभर एकाही सार्वभौम देशाने त्याला औपचारिक मान्यता दिली नाही. एप्रिलमध्ये मॉस्कोने तेलाचा पुरवठा तोडून आर्थिक नाकेबंदी केली. पाश्चात्त्य राजधान्यांतून सहानुभूती व्यक्त होत होती, पण सोव्हिएत संघाचे नेते गोर्बाचेव्ह अडचणीत आले तर त्यांच्या सुधारणा कोलमडतील, ही भीती त्या सहानुभूतीपेक्षा मोठी ठरली. अमेरिकेने तर लिथुआनिया, लात्व्हिया आणि एस्टोनिया या बाल्टिक देशांचे 1940 मधील सोव्हिएत संघातील विलीनीकरण कधीच मान्य केले नव्हते, तरी तीही थांबून राहिली.

13 जानेवारी 1991 रोजी सोव्हिएत सैन्याने व्हिल्नियस येथील दूरचित्रवाणी मनोऱ्यावर हल्ला केला आणि त्यात 14 नागरिकांचा बळी गेला. त्यानंतर काही दिवसांतच आइसलँडचे परराष्ट्रमंत्री योन बाल्डविन हानिबाल्सन तिन्ही बाल्टिक राजधान्यांना भेट देऊन आले. 9 फेब्रुवारीला लिथुआनियात जनमत घेण्यात आले, तेव्हा मतदान करणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांहून अधिक लोकांनी स्वतंत्र, लोकशाही प्रजासत्ताकाच्या बाजूने कौल दिला. दोनच दिवसांनी, 11 फेब्रुवारी 1991 रोजी, आइसलँडच्या संसदेने, म्हणजे आल्थिंगने, आपला ठराव संमत केला.

या ठरावाची मांडणी मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. आइसलँडने नव्या राष्ट्राला नव्याने मान्यता दिली नाही. लिथुआनियाला 1922 मध्ये दिलेली मान्यता अद्यापही पूर्णपणे लागू आहे, असे सांगितले आणि शक्य तितक्या लवकर राजनैतिक संबंध प्रस्थापित करण्याचे ठरवले. बळाने ताब्यात घेतलेल्या देशाचे कायदेशीर अस्तित्व संपत नाही, हीच तर लिथुआनियाची मूळ भूमिका होती, आणि ती एका नाटो सदस्य देशाच्या संसदेने ठरावाद्वारे स्वीकारली. मॉस्कोने याला अंतर्गत कारभारातील हस्तक्षेप ठरवून आपला राजदूत रेक्याविकहून परत बोलावला.

आइसलँडला गमावण्यासारखे काही नव्हते, हे म्हणणे मला पटत नाही. त्या देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम अडीच लाख होती, स्वतःचे सैन्य नव्हते आणि अर्थव्यवस्था मासळीवर उभी होती. मासेमारीच्या हद्दीच्या वादातून ब्रिटनच्या बंदरांनी 1952 मध्ये आइसलँडची मासळी नाकारली, तेव्हा ती घेऊन बदल्यात तेल देण्याचा व्यवहार सोव्हिएत संघानेच केला होता. अशा जुन्या गिऱ्हाईकाची नाराजी पत्करण्यामागे छोट्या देशाचा स्वतःचा अनुभवही असावा, असे मला वाटते. आइसलँड 1918 पर्यंत डेन्मार्कच्या सत्तेखाली होता आणि 1944 मध्ये प्रजासत्ताक झाला. ज्याच्याकडे फौज नाही, त्याला आंतरराष्ट्रीय कायद्याखेरीज दुसरा आधार नसतो.

मात्र मान्यता आणि प्रत्यक्ष राजनैतिक संबंध यांत अंतर होते, आणि ते ऑगस्टपर्यंत मिटले नाही. 19 ऑगस्टला मॉस्कोत गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध उठाव झाला, तो तीन दिवसांत फसला, आणि त्याच धामधुमीत एस्टोनिया व लात्व्हिया यांनीही पूर्ण स्वातंत्र्य जाहीर केले. आइसलँडने तिन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांना तातडीने बोलावून घेतले. 26 ऑगस्ट 1991 रोजी एस्टोनियाचे लेनार्ट मेरी, लात्व्हियाचे यानिस युर्कान्स आणि लिथुआनियाचे अल्गिर्दास साउदार्गास यांनी हानिबाल्सन यांच्यासह रेक्याविकच्या होफ्दी भवनात राजनैतिक संबंधांच्या कागदांवर सह्या केल्या. 1986 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि गोर्बाचेव्ह यांची शिखर परिषद याच वास्तूत झाली होती.

त्यानंतर इतरांची रांग लागली. 2 सप्टेंबरला अमेरिका पुढे आली, 6 सप्टेंबरला खुद्द सोव्हिएत संघाने तिन्ही देशांचे स्वातंत्र्य मान्य केले आणि 17 सप्टेंबरला ते संयुक्त राष्ट्रांचे सदस्य झाले. आज व्हिल्नियसमध्ये आइसलँडच्या नावाचा रस्ता आहे, तर ताल्लिनमध्ये एस्टोनियाचे परराष्ट्र मंत्रालय ज्या चौकात उभे आहे, त्याचे अधिकृत नावच आइसलँड चौक आहे.