टी-टेस्ट की काय-स्क्वेअर? आधी डेटा कसा गोळा केला ते सांगा

"डेटा गोळा झालाय, आता कुठली टेस्ट लावू?" सबमिशनच्या आठवड्यात पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या संख्याशास्त्र विभागाबाहेर पाच मिनिटं उभं राहा, हा प्रश्न कानावर पडतोच. तोवर बहुधा उशीर झालेला असतो. टेस्ट म्हणजे दिसलेला फरक नुसत्या योगायोगाचा असू शकतो का हे तपासायची रीत. ती आकडे बघून ठरवायची नसते, आकडे कसे गोळा केले त्यावरून ती ठरते. पुस्तकातला फांद्याफांद्यांचा तक्ता पाठ करण्यापेक्षा कागदावर चार गोष्टी लिहून काढा. एका नोंदीत मोजलं काय, आकडा की प्रकार? तुलना कशाची कशाशी? दोन्हीकडची माणसं, गाड्या किंवा पाकिटं तीच आहेत की वेगळी? आणि एका नोंदीचा दुसरीशी काही संबंध आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सगळे बरोबर देतात. गडबड होते ती तिसऱ्या-चौथ्यात.

तिसऱ्याचं उदाहरण घेऊ. सहा स्कूटर, सर्व्हिसिंगच्या आधीचं मायलेज आणि नंतरचं. आकडे उदाहरणापुरते. आधी: 42, 51, 38, 47, 55, 44. नंतर: 44, 52, 41, 48, 58, 46. सरासरी 46.17 वरून 48.17 वर गेली, म्हणजे फरक लिटरमागे 2 किलोमीटर. हे दोन स्वतंत्र गट समजून टी-टेस्ट (सरासऱ्यांमधला फरक तपासणारी टेस्ट) लावली तर स्टँडर्ड एरर, म्हणजे सरासरीतल्या फरकात योगायोगाने होणारा साधारण चढउतार, 3.54 येते. टी म्हणजे फरक भागिले स्टँडर्ड एरर, तो येतो 0.57. आणि पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) 0.58 च्या आसपास. निष्कर्ष: सर्व्हिसिंगचा परिणाम दिसत नाही.

आता प्रत्येक स्कूटरचा फरक काढा: 2, 1, 3, 1, 3, 2. सहाच्या सहा गाड्या सुधारल्या आहेत. या फरकांचं स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) फक्त 0.89, स्टँडर्ड एरर 0.365 आणि टी 5.48. डिग्रीज ऑफ फ्रीडम (इथे फरकांच्या संख्येहून एक कमी) 5 ला टीच्या टेबलातली पाच टक्क्यांची सीमा 2.571 आहे, म्हणजे आपण तिच्या दुपटीच्याही पुढे गेलो; पी साधारण 0.003. आकडे तेच, सरासरीतला फरकही तोच. पहिल्या वेळी 38 चं मायलेज देणारी जुनी गाडी आणि 55 देणारी नवी गाडी यांच्यातली तफावत छेदात येऊन बसली होती. आपल्या प्रश्नाशी तिचा काही संबंध नव्हता. पेअर्ड टेस्टमध्ये प्रत्येक गाडीची तुलना तिच्या स्वतःशीच होते, म्हणून ती तफावत निघून जाते. नॉर्मॅलिटी (आकडे घंटेच्या आकारात पसरलेत का) तपासायची ती या सहा फरकांची; "आधी" आणि "नंतर" असे दोन हिस्टोग्राम वेगवेगळे काढून काही साधत नाही.

उलट चूकही होते. दोन वेगळ्या वर्गांत तीस-तीस मुलं आहेत, म्हणून हजेरीपटाच्या क्रमाने त्यांच्या जोड्या लावून पेअर्ड टेस्ट केलेली दिसते. दोन्ही रकान्यांची लांबी सारखी आहे म्हणून जोडी होत नाही. जोडी लावण्याचं कारण आकडे यायच्या आधीपासून असावं लागतं.

चौथा प्रश्न स्वतंत्रतेचा, आणि माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक इथेच होते. पाच झाडांवर खत टाकलं, प्रत्येक झाडाची चार पानं मोजली आणि लिहिलं एन (स्वतंत्र नोंदींची संख्या) 20. खरा एन 5 आहे. एका झाडाची पानं एकमेकांची भावंडं असतात, त्यांना स्वतंत्र नोंदी धरलं की स्टँडर्ड एरर खोटी लहान होते आणि पी-व्हॅल्यू उगाच आकर्षक दिसते. साधा उपाय म्हणजे प्रत्येक झाडाची सरासरी काढायची आणि त्या पाच आकड्यांवर काम करायचं. एकाच सोसायटीतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गुगल फॉर्म टाकून मिळवलेल्या दीडशे उत्तरांचं दुखणं थोडं वेगळं आहे. तिथे नोंदी एकमेकांसारख्या असतातच, शिवाय ते सॅम्पल अख्ख्या पुण्याचं नसतं. कुठलीही टेस्ट हे दुरुस्त करू शकत नाही.

आता एका सॅम्पलची टी-टेस्ट, कारण निकालाचा अर्थ लावायचा सराव तिच्यावरच करावा. पाकिटावर 200 ग्रॅम छापलेल्या चिवड्याची 10 पाकिटं वजन केली असं समजा: 198, 201, 197, 199, 196, 200, 198, 202, 195, 199. सरासरी 198.5, स्टँडर्ड डेव्हिएशन 2.17 (भागायचं 9 ने, 10 ने नाही), स्टँडर्ड एरर 0.687. टी म्हणजे उणे 1.5 भागिले 0.687, म्हणजेच उणे 2.18.

डिग्रीज ऑफ फ्रीडम 9 आहेत. पाच टक्के पातळीला दोन बाजूंच्या (कमी आणि जास्त दोन्ही बघणाऱ्या) टेस्टची सीमा 2.262, एका बाजूची 1.833. म्हणजे दोन बाजूंनी बघितलं तर निकाल लक्षणीय (सीमेपलीकडचा, पी 0.05 हून कमी) नाही, एका बाजूने बघितलं तर आहे! पी अनुक्रमे 0.057 आणि 0.028 च्या जवळपास. इथे मोह होतो. वजन कमी भरलंय हे दिसल्यावर "आम्हाला कमीच आहे का ते बघायचं होतं" असं म्हणून वन-टेल्ड, म्हणजे एका बाजूची, टेस्ट लावायची आणि मोकळं व्हायचं. आकडे बघून बाजू निवडली तर पाच टक्के म्हणून सांगितलेली चूक (फरक नसताना तो आहे म्हणण्याची) प्रत्यक्षात दहा टक्के होते, कारण सरासरी 201.5 आली असती तर हाच माणूस दुसरी बाजू निवडणार होता. वजन-मापाची तपासणी करणाऱ्याला फक्त कमी भरण्याशीच देणंघेणं आहे आणि हे त्याने वजनकाट्यावर पहिलं पाकीट ठेवण्याआधी लिहून ठेवलंय, तर वन-टेल्ड रास्त. नाहीतर टू-टेल्ड, आणि वाद नको.

मग पी 0.057 म्हणजे काय? भरण्याच्या यंत्राची खरी सरासरी 200 ग्रॅमच असेल आणि बाकीची गृहीतकंही बरोबर असतील, तर दहा पाकिटांच्या सॅम्पलमध्ये 200 पासून इतकी किंवा याहून मोठी तफावत, कुठल्याही बाजूला, शंभरात साधारण सहा वेळा दिसेल. एवढंच. "नल हायपोथेसिस खरी असण्याची शक्यता 5.7 टक्के" हे वाक्य चुकीचं आहे (नल हायपोथेसिस म्हणजे "फरक नाही" हे गृहीतक, इथे खरी सरासरी 200 ग्रॅमच), आणि व्हायवामध्ये सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतं ते हेच. पी काढताना आपण नल हायपोथेसिस खरी धरूनच चालतो. जे धरून चाललो त्याचीच शक्यता त्या गणितातून कशी निघेल?

"नल हायपोथेसिस स्वीकारली, म्हणजे पाकिटात 200 ग्रॅमच आहे" हे दुसरं चुकीचं वाक्य. इथे कॉन्फिडन्स इंटरव्हल (डेटाशी जुळणाऱ्या सरासऱ्यांचा पट्टा) काढाच: 198.5 अधिक-उणे 2.262 गुणिले 0.687, म्हणजे 196.95 ते 200.05 ग्रॅम. या डेटाशी 200 जुळतं, पण 197 सुद्धा जुळतं. तीन ग्रॅमची तूट नाकारता येत नसताना "वजन बरोबर आहे" असं प्रमाणपत्र कसं देणार? लिहायचं ते असं: सरासरी तूट 1.5 ग्रॅम, 95 टक्के इंटरव्हल 3.05 ग्रॅम तूट ते 0.05 ग्रॅम जास्त, टी(9) = उणे 2.18, पी = 0.057. नुसतं "नॉट सिग्निफिकंट" लिहून थांबलात तर हे सगळं गाळून टाकलंत. तसंही 0.049 आणि 0.051 यांच्यात कुठलीही भिंत नाही. 0.05 ही सोय म्हणून रूढ झाली ती मुख्यतः फिशर यांच्या 1925 च्या पुस्तकामुळे, निसर्गाने ती रेघ ओढलेली नाही.

झेड की टी, यावर वर्गात फार वेळ जातो. सिग्मा (अख्ख्या समूहाचं स्टँडर्ड डेव्हिएशन) खरोखर माहीत असेल तर झेड, म्हणजे नॉर्मल वितरणाचं टेबल. व्यवहारात सरासरीच्या प्रश्नात तो जवळजवळ कधीच माहीत नसतो, म्हणून टी. गिनेस कंपनीत काम करणाऱ्या गॉसेट यांनी 1908 मध्ये "स्टुडंट" या टोपणनावाने हे मांडलं, ते लहान सॅम्पलची अडचण सोडवायलाच. "30 च्या वर झेड" हा नियम छापील टेबलांच्या काळातला. 30 डिग्रीज ऑफ फ्रीडमला टीची सीमा 2.042 आणि झेडची 1.96, कॉम्प्युटर असताना हा फरक सोडायचं कारण नाही.

दोन स्वतंत्र गट असतील तर थेट वेल्चची टी-टेस्ट लावा; ती दोन्ही गटांचे व्हेरिअन्स (स्टँडर्ड डेव्हिएशनचा वर्ग) समान धरत नाही. आधी एफ-टेस्टने व्हेरिअन्स समान आहेत का बघा, मग ठरवा, ही दोन पायऱ्यांची रीत प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये अजून दिसते. ती एफ-टेस्ट नॉर्मॅलिटी जरा बिघडली तरी भरकटते, आणि वेल्च समान व्हेरिअन्सलाही फारसं काही गमावत नाही. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये टी-टेस्टचं फंक्शन मुळातच वेल्च लावतं. डिग्रीज ऑफ फ्रीडम दशांशात आले तर दचकू नका. एक्सेलच्या टी.टेस्टला दोन रेंज, मग टेल्स (1 किंवा 2), मग टाइप द्यावा लागतो: 1 पेअर्ड, 2 समान व्हेरिअन्स धरून, 3 वेल्च. उत्तर येतं ती पी-व्हॅल्यू असते. तो आकडा टीच्या टेबलातल्या 2.262 शी ताडून "कमी आहे, म्हणून लक्षणीय नाही" लिहिणारे दरवर्षी भेटतात.

डेटा नॉर्मल नाही म्हणून नॉन-पॅरामेट्रिककडे (आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमावर चालणाऱ्या टेस्टकडे) पळण्याआधी एक हिशोब करून बघा. पाच जोड्यांवर विल्कॉक्सनची साइन्ड-रँक टेस्ट लावली तर चिन्हांच्या एकूण 32 शक्यता. पाचही फरक एकाच बाजूला आले, म्हणजे याहून भक्कम निकाल असूच शकत नाही, तरी दोन बाजूंची पी 2 भागिले 32, म्हणजे 0.0625. पाच टक्क्यांच्या खाली ती कधी जाणारच नाही. सहा जोड्यांना 2 भागिले 64, 0.031, तिथून पुढे टेस्टला अर्थ. दोन स्वतंत्र गटांसाठीच्या मान-व्हिटनीचंही तसंच: तीन विरुद्ध तीन असेल तर कमीत कमी पी 0.1. आणि मान-व्हिटनी "मीडियनची तुलना करते" असं सरसकट लिहू नका; दोन्ही वितरणांचा आकार सारखा असेल तरच ते म्हणता येतं. नॉर्मॅलिटी तपासणाऱ्या शापिरोच्या टेस्टवरही फार विसंबू नका. एन 8 असताना ती वाकडेपणा पकडत नाही, एन 2000 असताना नको तितका पकडते. डॉटप्लॉट काढा, डोळ्यांनी बघा.

प्रकार मोजले असतील तर काय-स्क्वेअर: प्रत्यक्ष मोजणी आणि संबंध नसता तर अपेक्षित असलेली मोजणी यांची तुलना. 200 विद्यार्थी, 90 बसने येणारे आणि 110 दुचाकीवरून. बसवाल्यांपैकी 36 पहिल्या लेक्चरला उशिरा, दुचाकीवाल्यांपैकी 29. (हेही बनवलेले आकडे आहेत, बसवाल्यांनी रागावू नये.) उशिरा येणाऱ्या बसवाल्यांची अपेक्षित संख्या 90 गुणिले 65 भागिले 200, म्हणजे 29.25. उरलेले तीन रकाने वजाबाकीने निघतात: 60.75, 35.75, 74.25. प्रत्येक रकान्यात फरक 6.75 चाच. काय-स्क्वेअर 4.20, सीमा 3.841, पी 0.04. लक्षणीय.

हाच तक्ता आरमध्ये किंवा पायथनच्या सायपायमध्ये टाका, पी येईल 0.058. सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही. दोन बाय दोनच्या तक्त्याला ते आपोआप येट्सची दुरुस्ती लावतं, म्हणजे 6.75 ऐवजी 6.25 घेतं आणि काय-स्क्वेअर 3.60 होतो. दोन्हीपैकी कुठलं घेतलं ते लिहा, आणि सोबत मुख्य गोष्ट लिहा: 40 टक्के विरुद्ध 26.4 टक्के, फरक 13.6 टक्के-बिंदूंचा, इंटरव्हल साधारण 0.6 ते 26.7. इतका रुंद इंटरव्हल बघितला की 0.04 की 0.058 हा वाद आपोआप मागे पडतो.

काय-स्क्वेअरमध्ये टक्के भरायचे नाहीत, मोजणी भरायची. पाचचा नियम (रकान्यात निदान 5 हवेत) अपेक्षित संख्येला लागतो, निरीक्षित संख्येला नाही. अपेक्षित लहान असेल तर फिशरची एक्झॅक्ट टेस्ट. एक माणूस तक्त्यात एकदाच यायला हवा, म्हणून "लागू असतील ते सर्व पर्याय निवडा" अशा प्रश्नाच्या उत्तरांवर ही टेस्ट चालत नाही. त्याच माणसांना कार्यशाळेच्या आधी आणि नंतर हो-नाही विचारलं असेल तर जोड्यांसाठीची मॅकनेमारची टेस्ट.

सॅम्पल किती घ्यायचं हे फॉर्म पाठवण्याआधी ठरवा. अर्ध्या स्टँडर्ड डेव्हिएशनचा फरक 80 टक्के पॉवरने (फरक खरा असेल तर तो पकडण्याची शक्यता) पकडायचा तर प्रत्येक गटात 64 माणसं लागतात, 0.2 चा फरक पकडायचा तर जवळजवळ 400. वीस-वीसच्या गटात "फरक आढळला नाही" असं निघालं, तर फरक नाही की दुर्बीण लहान होती, ते सांगता येत नाही. दुसऱ्या टोकाला, प्रत्येकी दहा हजारांच्या गटात 0.04 स्टँडर्ड डेव्हिएशनचा किरकोळ फरकही 0.005 ची पी देतो.

गट पाच असतील तर जोड्या दहा होतात. दहाही टी-टेस्ट लावल्या आणि त्या स्वतंत्र धरल्या, तर सगळीकडे फरक शून्य असताना निदान एक तरी "लक्षणीय" निघण्याची शक्यता 40 टक्के. म्हणून आधी एनोव्हा (सगळ्या गटांच्या सरासऱ्या एकत्र तपासणारी टेस्ट, तिचा आकडा एफ), मग जोड्यांची तुलना करणारी ट्यूकीची टेस्ट. कधीकधी एनोव्हाचा एफ लक्षणीय येतो आणि ट्यूकीत एकही जोडी सीमा ओलांडत नाही. मुलं मग आकडेमोड तीन-तीनदा तपासत बसतात. आकडेमोड बहुधा बरोबरच असते: एफ सगळ्या गटांच्या सरासऱ्यांमधला फरक एकत्र बघतो, ट्यूकी एकेका जोडीचा बघतो. दोन्ही निकाल आले तसे लिहा, जोडीला पाचही सरासऱ्या इंटरव्हलसकट द्या.